जुन्या लॅपटॉपवर विंडोजचं अपग्रेड दर वेळी माघारी फिरतंय. फॉरमॅट मारून घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: आईंचा २०१५ सालचा लॅपटॉप, पाचव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची मूळ हार्डडिस्क. विंडोज १० आहे, पण १९०९ आवृत्तीवर अडकलेलं. २२एच२ (विंडोज १० ची शेवटची आवृत्ती) टाकायला घेतलं की पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास जातं, रीस्टार्ट होतं, ‘अनडूइंग चेंजेस’ म्हणतं आणि पुन्हा जुन्यावर येऊन उभं राहतं. तीनदा झालं. दुकानदार म्हणतोय, फॉरमॅट मारून थेट विंडोज ११ टाकून देतो. द्यावा का?

नका देऊ. निदान आतलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून, ते उघडून बघितल्याशिवाय तरी नाहीच. आणि चौथ्यांदा प्रयत्नही आज करू नका.

मीही तुमच्यासारखा इंदूरचाच, लोकमान्य नगरात राहतो. हे इतक्या ठासून का सांगतोय, ते आधी सांगतो.

बाबांचा लॅपटॉप तुमच्या आईंच्या लॅपटॉपपेक्षाही जुना, २०१३ चा. विंडोज ७ वर आलेला, २०१६ मध्ये १० फुकट मिळत होतं तेव्हा मी त्यावर नेलेला. निवृत्तीनंतर बाबांनी आमच्या घराण्याची वंशावळ लिहायला घेतली होती. आमचे पूर्वज साताऱ्याकडून होळकर संस्थानात कारकुनीला आले, तिथपासूनची. घरातले मोडी कागद कुणाकडून तरी वाचून घ्यायचे, नातेवाइकांना फोन करायचे आणि संध्याकाळी एका बोटाने टाइप करत बसायचे. मागच्या वर्षी मे महिन्यात मी तो लॅपटॉप २२एच२ वर न्यायला बसलो. तुमचं झालं तेच झालं. तीनदा माघारी. चौथ्यांदा भर दुपारी लावलं आणि मधेच लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच संपलेली, त्यामुळे तो जागच्या जागी बंद पडला. त्यानंतर सुरू व्हायला अर्धा-पाऊण तास घ्यायला लागला.

मी कंटाळून दुकानात घेऊन गेलो. तिथला पोरगा म्हणाला, “भैया, फॉरमॅट मार देते हैं, एकदम नया हो जाएगा.” मी म्हटलं, डी ड्राइव्हला हात लावू नकोस, बाकी कर. त्याने सांगितलं तसंच केलं, डी जसाच्या तसा ठेवला. वंशावळीची फाइल होती डेस्कटॉपवर. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह, हे मला माहीत होतं. बाबा फाइल तिथे ठेवतात, हे मी विचारलंच नाही.

एका पेनड्राइव्हवर अकरा महिन्यांपूर्वीची प्रत सापडली. त्या अकरा महिन्यांत बाबांनी सासरी गेलेल्या मुलींची पानं भरली होती: कोण कुठे दिली, माहेरचं नाव काय, सासरचं काय. त्यातलं बरंचसं त्यांच्या थोरल्या आत्याने फोनवर सांगितलेलं. आत्या मार्चमध्ये गेली होती. ती पानं आता कुठून आणायची? सी ड्राइव्हवर नवीन विंडोज लिहिलं गेल्यामुळे रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरलाही काही मिळालं नाही. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतोय, आईंना आज विचारा: कुठल्या फाइल्स, कुठे ठेवल्यात, कुठल्या प्रोग्रॅममध्ये केल्यात. त्यांच्या शेजारी बसून, त्यांना स्वतःला उघडायला लावून बघा. माणसं फाइल कुठे ठेवतात हे त्यांना सांगता येत नाही, पण हात बरोबर तिथेच जातो.

आणि पुढची गोष्ट: ते ‘एकदम नवं’ विंडोज तीन आठवड्यांत पुन्हा रांगायला लागलं. कारण मुळात दुखणं विंडोजचं नव्हतंच, हार्डडिस्कचं होतं. फॉरमॅटच्या आधी ती मी नाही तपासली, दुकानातही नाही तपासली.

तुमच्याकडे पहिलं काम हेच. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे. तो उघडला की वर एका चौकोनात डिस्कची तब्येत दिसते: ‘गुड’, पिवळा ‘कॉशन’ किंवा लाल ‘बॅड’. नुसता रंग बघून थांबू नका. खाली तक्ता असतो, त्यातल्या तीन ओळी बघा: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे डिस्कने खराब ठरवून बदललेल्या जागा. सी५ म्हणजे ज्या जागा वाचता येत नाहीयेत, पण अजून निकालात निघालेल्या नाहीत. सी६ म्हणजे प्रयत्न करूनही सुधारता न आलेल्या. उजवीकडच्या ‘रॉ व्हॅल्यूज’ रकान्यात सगळे शून्य असतील तर ठीक. बाबांच्या डिस्कवर सी५ पुढे बरेच शून्य आणि शेवटी ‘बी८’ होतं. ते आकडे सोळाच्या पद्धतीत असतात, म्हणजे १८४ जागा. अपग्रेड करताना विंडोज हजारो फाइल्स उचलून इकडून तिकडे ठेवतं. त्यात एक जरी अशा जागेवर निघाली, तरी सगळा डाव उलटतो.

आकडा शून्य नसेल तर चेकडिस्क (विंडोजमधला डिस्क तपासायचा प्रोग्रॅम) लावायच्या फंदात पडू नका. इंटरनेटवर सगळीकडे तोच सल्ला मिळेल, की चेकडिस्कला खराब सेक्टर शोधायला लावा. चांगल्या डिस्कवर तो सल्ला बरोबर आहे. मरायला टेकलेल्या डिस्कवर तो अख्खी डिस्क खरवडून वाचायला लावतो आणि उरलेला दम तिथेच संपतो. आधी फाइल्स बाहेर काढा. त्याही सगळा ड्राइव्ह एकदम उचलून नाही. आधी सगळ्यात मोलाचं फोल्डर, मग त्याखालोखालचं, मग फोटो. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर ती सोडून पुढे जा, तिच्यामागे तासभर घालवू नका. प्रत झाली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर चार-पाच फाइल्स उघडून बघा.

आपल्याकडच्या घरांत यात आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते: फॉन्ट. आईंचं लेखन युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या एखाद्या मराठी फॉन्टमध्ये असेल, तर ती फाइल नव्या मशीनवर उघडल्यावर मराठी दिसणारच नाही. पेनड्राइव्हवरची वंशावळ आम्ही उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी आली. बाबांना वाटलं हीसुद्धा गेली. फाइल धड होती. जुन्या फॉन्टमध्ये कीबोर्डावरच्या रोमन अक्षरांच्याच जागी मराठी वळणं बसवलेली असत, त्यामुळे फॉन्ट नसला की खालची अक्षरं उघडी पडतात. कपाटात त्या सॉफ्टवेअरची सीडी होती, फॉन्ट टाकला आणि पानं पुन्हा उभी राहिली. तेव्हा डेटा उतरवताना सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातलं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डरही कॉपी करून ठेवा. आईंच्या फाइल्स पुढे युनिकोडमध्ये करून घ्या, पण जुनी मूळ फाइल पुसू नका. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार चुकतात, ताडून बघायला मूळ लागतं.

आता समजा डिस्क ठणठणीत निघाली. मग अपग्रेड माघारी का फिरतंय?

तुम्ही एररचा अर्धाच कोड दिलाय: ०एक्ससी१९००१०१. हा पुढचा-मागचा भाग नसेल तर फारसं काही सांगत नाही, एवढंच की गाडं उलट फिरलं आणि बहुतेक एखाद्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे लॅपटॉपचा एखादा भाग विंडोजशी जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे, फिरलं. खरी माहिती डॅशच्या पुढे असते, उदाहरणार्थ ०एक्स३०००डी किंवा ०एक्स२००१७. एक्सनंतरचा पहिला आकडा टप्पा सांगतो. १ असेल तर जुनं विंडोज चालू असतानाच अडलं. २ म्हणजे पहिल्या रीस्टार्टनंतर, तात्पुरत्या छोट्या विंडोजमध्ये. ३ म्हणजे नवं विंडोज पहिल्यांदा उभं राहताना, ४ म्हणजे दुसऱ्यांदा. शेवटचे दोन आकडे तेव्हा कुठलं काम चाललं होतं ते सांगतात: १७ म्हणजे बूट, मशीन सुरू होणं; ०डी म्हणजे तुमची माहिती आणि सेटिंग नव्या घरात हलवणं. ३०००डी आला तर आधी डिस्प्लेच्या ड्रायव्हरवर संशय घ्या. टक्क्याच्या आकड्यावर मात्र काहीच ठरवू नका, लोक उगाच ‘७५ वर अडकतं’ म्हणून शोधत बसतात.

कोड निसटला असेल तरी हरकत नाही. मायक्रोसॉफ्टचाच सेटअपडायग नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो अपग्रेडने मागे ठेवलेल्या नोंदी वाचतो आणि कुठल्या ड्रायव्हरपाशी किंवा प्रोग्रॅमपाशी अडलं ते एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून देतो. यासाठी डिस्क क्लीनअपने जुन्या अपग्रेडच्या फाइल्स आधी पुसून टाकू नका, पुरावा त्यातच असतो.

राजेंद्र नगरात माझा मावसभाऊ आहे, त्याच्याकडे याच प्रोग्रॅमने चोर पकडून दिला. त्याच्या लॅपटॉपवर कधीकाळी हिशोबाचं एक सॉफ्टवेअर होतं, डोंगलवर चालणारं; म्हणजे पेनड्राइव्हसारखी किल्ली लावली तरच उघडणारं. सॉफ्टवेअर काढून पाच वर्षं झाली होती, किल्लीसुद्धा हरवली होती, पण किल्लीचा ड्रायव्हर आत बसून होता. डिव्हाइस मॅनेजर उघडलं तेव्हा तो दिसतही नव्हता. वरच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ केल्यावर फिकट रंगात उगवला. त्यावर उजवं क्लिक करून अनइन्स्टॉल केलं आणि ‘ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढा’ असा चौकोन येतो त्यावर टिक केली. त्याच संध्याकाळी अपग्रेड सरळ पार पडलं. तुमच्या आईंकडे मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर असेल तर असा ड्रायव्हर असण्याची शक्यता बरीच आहे. फक्त ते सॉफ्टवेअर अजून वापरात असेल तर काढण्याआधी त्याची सीडी आणि किल्ली हाताशी आहे ना, बघा.

पुढच्या प्रयत्नाआधी एवढी तयारी करा. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस नुसता बंद करून भागत नाही, पूर्ण काढा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा घेतो. माऊस सोडून यूएसबीला लावलेलं सगळं उपटा, प्रिंटरसुद्धा. मेमरी कार्डाच्या फटीत एखादं जुनं कार्ड विसरलेलं असतं, तेही काढा. सी ड्राइव्हवर २० जीबी तरी मोकळे हवेत, मी ३० ठेवतो. आणि चार्जर घरातल्या इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावा. आईंच्या लॅपटॉपची बॅटरी किती टिकते ते चार्जर काढून एकदा बघून घ्या; पाच मिनिटांत मान टाकत असेल तर ती नाहीच असं धरून चाला. आतून अपडेट होऊ देण्याऐवजी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन पेनड्राइव्ह तयार करा आणि चालू विंडोजमधूनच त्यातलं सेटअप उघडून ‘फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा’ निवडा. १९०९ वरून २२एच२ ही मोठी उडी आहे, अख्खं विंडोज बदलतं. २००४ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना तीच गोष्ट लहानशा अपडेटने मिळत होती. लॅपटॉप मधली दोन-तीन वर्षं कपाटात पडून होता म्हणालात, म्हणून तुमच्या वाट्याला हा लांबचा रस्ता आला.

आता ११ चं. तुमच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्याला इंटेलची साधारण आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. तुमची आहे पाचवी. तपासणी चुकवून बसवायच्या युक्त्या आहेत, रूफस नावाच्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह बनवला की बसतंही, आणि दुकानदार बहुधा तेच करणार आहे. पण अशा मशीनला दर वर्षीची मोठी आवृत्ती आपोआप मिळत नाही, दर वेळी पुन्हा पेनड्राइव्ह घेऊन बसावं लागतं. स्वतःच्या लॅपटॉपवर हौस म्हणून खुशाल करा. आईंच्या मशीनवर मी करणार नाही, कारण तुम्ही गावाला असताना ते अडलं तर त्यांनी कुणाला बोलवायचं?

मग २२एच२ साठी एवढी धडपड कशाला, हा प्रश्न येईल. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर घरगुती वापरासाठी सुरक्षेची वाढीव अपडेट्स मायक्रोसॉफ्टने ठेवलीत, ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ नावाने. जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती पैसे न देता मिळतात. मात्र ती फक्त २२एच२ लाच आहेत. १९०९ च्या होम आवृत्तीला तर मे २०२१ नंतर काहीच मिळालेलं नाही. आई त्या लॅपटॉपवर बँकेचं काम करत असतील तर आधी ते थांबवा.

डिस्क खराब निघाली तर मात्र अपग्रेडचा विचारच सोडून द्या. अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या आणि त्यावर २२एच२ कोरं टाका. मूळ विंडोज परवान्याचं असेल आणि एकदा अ‍ॅक्टिव्हेट झालेलं असेल तर तो परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो. नवीन डिस्कवर तीच होम किंवा प्रो आवृत्ती टाका, प्रॉडक्ट की मागितली तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ म्हणा, इंटरनेट जोडल्यावर ते आपोआप जागं होतं. एसएसडी सात मिलिमीटर जाड असते आणि जुन्या लॅपटॉपची जागा पुष्कळदा साडेनऊची. जुन्या डिस्कभोवतीचं पत्र्याचं कडं आणि त्याचे चार स्क्रू टाकून देऊ नका, नाहीतर नवी डिस्क आत खडखडत राहते. जुनी डिस्क पुसू नका, कुणाला देऊ नका. कापडात गुंडाळून वर तारीख लिहून ठेवा.

त्याच वेळी रॅमची आणखी ४ जीबीची पट्टी टाकता आली तर टाका. पाचव्या जनरेशनला डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. साधी डीडीआर३ दीड व्होल्टची असते आणि दिसायला तशीच. दुकानात पट्टीवरच्या चिठ्ठीवर ‘एल’ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, तेव्हा आधी मॉडेल बघून खात्री करा. बाबांच्या २०१३ च्या लॅपटॉपवर एसएसडी आणि ८ जीबी झाल्यावर सुरू व्हायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही.

कुणीतरी खाली येऊन लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम, सुचवेलच. वाईट सल्ला नाही, आणि पेनड्राइव्हवरूनच चालवून आधी बघता येतं, डिस्कला धक्का न लावता. आईंचं काम ब्राउझर, मेल आणि युनिकोड मराठी एवढंच असेल तर मिंटवर ते उत्तम चालतं. जुन्या मराठी सॉफ्टवेअरवर हात बसलेला असेल तर मात्र त्यांचा रोजचा रस्ताच बंद होईल, म्हणून आधी त्यांना विचारा.

इंदुरात कुठे दाखवू, असं तुम्ही शेवटी विचारलंय. सामान आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये मिळेल, तीन-चार दुकानांत विचारून घ्या. काम कुणाकडूनही करून घ्या, पण तुमच्या समोर, आणि जुनी डिस्क काढून हातात घेतल्यावरच नवीन बसवू द्या. ‘फॉरमॅट’ हा शब्द आला की थांबवा आणि विचारा, कुठल्या डिस्कचा.

डॅशच्या पुढचा कोड आणि सी५ चा आकडा इथे टाका. मी रोज रात्री नऊनंतर असतो, बघून सांगतो.